मामंजींचे फाये

आमचे मामंजी पाहुण्याला आधी हुंगत, मग "या, बसा" म्हणत. "लिंबाखाली झोपून आलाव व्हय?" असं त्यांनी विचारलं की पाहुणा दचकून स्वतःच्याच सदऱ्याला नाक लावी. सास्तूरच्या ओढ्याकाठी त्यांची रोशा गवताचं तेल काढायची भट्टी होती. तेल हैदराबादच्या अत्तरवाल्यांकडं जाई. निजामाचा अंमल होता तेव्हा. घरात कानडी, बाजारात मराठी आणि अत्तरवाल्यांशी दख्खनी, असं मामंजींचं चाले. गाव त्यांना वासवाले आप्पा म्हणे.

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही रीतच होती. माझं पहिलं लेकरू तापानं गेलं आणि मग मी कुणाशीच बोलेना. रडूही येईना. ताट पुढं आलं तर जेवायचं, नाही तर भिंतीकडं बघत बसायचं. सासूबाईंच्या बहिणीनं देवऋषी सुचवला. त्यानंही भागलं नाही तर मला माहेरी धाडून मुलाचं दुसरं लग्न करा, म्हणाली. मामंजी ओसरीवरून गरजले, "भूतबित काय न्हाय. जीव उदास झालाय पोरीचा. उदास जिवाला घराबाहेर काढत्यात व्हय?"

दुसऱ्या सकाळी माझ्या उशाशी वाटीत तेलाचा फाया आला. आधी रोशाचा, काही दिवसांनी वाळ्याचा, मग दवण्याचा. मामंजी दाराआडून सासूबाईंना म्हणत, "विचार तिला, जीव कसा हाय?" मी मान हलवून बरा आहे म्हणे. त्यांना ते पटेना. एकदा त्यांनी नुसत्या पाण्यात भिजवलेला कापूस पाठवला. मी तोही हुंगला आणि बरं वाटतं म्हणून मान डोलावली. दाराआड मामंजी हसले. "ह्याला वासच न्हाय! पोरगी माझं मन राखायलीय." मग हळूच म्हणाले, "म्हणजे जीव आतून जागा हाय. अजून बघू."

एके दिवशी त्यांनी बाळंतशोपांचं तेल काढलं. फाया नाकाशी नेला आणि बाळंतिणीची खोली, शेगडीची धुरी, लेकराची ऊन ऊन टाळू, सगळं एकदम समोर आलं. मी हंबरडा फोडला. मामंजी धावत दारात आले. रीतभात विसरून थेट माझ्याशी बोलले, "चुकलं माझं, पोरी. ध्यानातच आलं न्हाय. दे, इकडं दे तो फाया."

मी मूठ मिटून घेतली. "राहू द्या, मामंजी," मी म्हणाले. ते तिथंच खाली बसले, माझ्याकडं पाठ करून. त्यांचे खांदे हलत होते. नातू त्यांचाही गेला होता.

मी काही त्या दिवशी बरी झाले नाही. पुष्कळ महिने गेले. पण रोज मामंजी दाराशी येऊन बसत, मी लेकराचं काही ना काही सांगे आणि ते ऐकत. पुढं बायका त्यांना विचारू लागल्या, कोणत्या तेलानं सून उठली? ते म्हणत, "तेलानं उठली का बोलल्यानं, मला सांगता येत न्हाय. खोटं कशाला सांगू?" ते बाळंतशोपांचं तेल त्यांनी कधी विकलं नाही.

निजामाच्या अखेरच्या धामधुमीत आम्हा बायकांना सरहद्दीपलीकडं सोलापूरला धाडलं. मामंजी भट्टीसाठी मागं राहिले. गाडीत बसताना मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "सासूला जप. वरून लई कडक, आतून कच्ची हाय ती."

ते सोलापूरला पोचलेच नाहीत. ऐन पावसाळ्यात हिवतापानं गेले. आमच्या ह्यांनी येऊन निरोप सांगितला, तशा सासूबाई खांबाला टेकून बसल्या त्या बसल्याच. डोळ्यांत टिपूस नाही. बायका म्हणाल्या, आता गप राहू दे तिला. मी राहू दिलं नाही. त्यांच्याजवळ बसून विचारलं, "आत्याबाई, लग्नात मामंजी कसे दिसत होते?"



"फेटा मोठा झाला होता त्यास्नी," त्या म्हणाल्या, "सारखा डोळ्यांवर यायचा." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडू लागल्या.