आई पुढं उभी राहील, असं लग्न

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मानपानावरून भांडण झालं नाही. नवऱ्याकडची माणसं साधी होती. भांडण झालं ते आमच्याच घरात, आणि तेही आई मांडवात कुठं उभी राहणार यावरून.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि बहीण झोळीत. त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की आई मामाबरोबर ऊसतोडीला जायची. बहिणीची झोळी फडाच्या कडेला बाभळीला टांगलेली असायची. मला तिनं वसतिगृहात ठेवलं. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. तिथं पाऊसही पाव्हण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. आईनं आम्हा दोघींना शिकवलं. मी कर्जतकडं एका शाळेत शिक्षिका झाले. बहीण श्रीरामपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. या सगळ्या वर्षांत माझे चुलते ऊसतोडीवरच्या आमच्या पाचटाच्या कोपीवर एकदाही आले नाहीत. पण लग्न ठरल्याचं कळताच दुसऱ्या दिवशी सकाळी घरी हजर. खुर्चीत बसून आईला म्हणाले,

"वैनी, कन्यादानाला मी आन माजी मंडळी बसतो. तुमी काळजी करू नका."

आई म्हणाली, "बरं भावजी."

तिला दुसरं काही सुचलंच नाही. इतकी वर्षं ती प्रत्येक लग्नात मागं बसत आली होती. हळद कुटताना बाजूला, ओवाळताना भिंतीशी. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलंय, 'या गावात विधवा प्रथा बंद आहे.' तो ठराव झाला तेव्हा चुलते सदस्य होते. हात वर करणाऱ्यांत ते पुढं होते, फोटोतही आहेत.

मी फोनवर बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीचं चर्चमध्ये लग्न झालं ना? तिलाही वडील नाहीत. तिची आई तिचा हात धरून पार पुढपर्यंत चालत गेली. फादर तिच्याकडं बघून हसले आणि त्यांनी लग्न लावलं. कुणाला काही वाटलंसुद्धा नाही. मला कुणी दान करावं असं नाही गं माझं म्हणणं. पण हात आईच देईल. नाहीतर मी नाही उभी राहणार."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो सगळा माझ्याकडं आला असावा, कारण त्या दिवसापासून मी लग्न लावणारा माणूस शोधत हिंडले आणि जिथं जाईन तिथून जास्तच तापून परत आले.

आधी गावाकडच्या गुरुजींकडं गेले. मोटरसायकलवर पोथ्यांची पिशवी अडकवून पंचक्रोशीत फिरणारा हा माणूस. लग्नसराईत एकाच दिवशी दोन-तीन मांडव करतात. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"शास्त्रात आईला अधिकार आहे," ते म्हणाले. "स्पष्ट आहे. वडील नसतील तर आई कन्यादान करू शकते."

मला इतका आनंद झाला की मी उठून त्यांच्या पाया पडायच्या बेतात होते.

"मग येता ना?"

त्यांनी धोतराच्या निऱ्या सारख्या केल्या. "तुमच्या चुलत्यांचा काल फोन आला होता. तुमच्या भावकीतली सगळी कार्यं माझ्याकडं असतात. वास्तुशांत, सत्यनारायण, सगळं. त्यांना न विचारता मी कसं करणार?"

"पण शास्त्र..."

"शास्त्र आहेच हो. पण मला याच गावात राहायचंय."

हा माणूस मला 'नाही, पाप लागेल' म्हणाला असता तर मी ते सहन केलं असतं. निदान त्याचा त्यावर विश्वास आहे, असं म्हणाले असते. याला खरं माहीत होतं आणि तरी तो येणार नव्हता. त्याच्या घरचं पाणी मी प्यायले याचाच मला घरी येईपर्यंत राग येत होता.

मग मी आणि बहीण नगरला विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेलो. वाटलं, सरकारपुढं सगळे सारखे. तिथं खिडकीशी बसलेल्या कारकुनानं आधी बहिणीकडं वरून खाली पाहिलं.

"पळून आलाय का?"

"नाही," मी म्हणाले. "घरच्यांच्या संमतीनं आहे."

"मग वडील कुठंयत?"

"वारले."

"काका? मामा? साक्षीदार म्हणून घरातलं कुणी पुरुषमाणूस आणा."

"साक्षीला आमची आई आहे. मी आहे. मुलाकडचा एक जण येईल."

"पुरुषमाणूस असलेलं बरं असतं मॅडम."

मी म्हणाले, "तसा नियम दाखवा."

तो हसला. अगदी समजूत घातल्यासारखं हसला. "नियम नाही हो. पद्धत आहे."

बहिणीनं माझा दंड धरला नसता तर मी काय बोलले असते कोण जाणे. आत लग्न लावणारे अधिकारी बसले होते. दारातून दिसत होतं. एक जोडपं त्यांच्यापुढं उभं होतं, मुलीच्या गळ्यात हार होता आणि ती रडू की हसू अशी. साहेबांनी मान वर न करता सह्या केल्या आणि "पुढचे" म्हणाले. त्या मुलीच्या आयुष्यातलं एवढं मोठं काम त्यांनी रेशनकार्डात नाव घातल्यासारखं उरकलं. बाहेर जिन्यावर बहीण म्हणाली, "ताई, इथं आईला कुणी अडवणार नाही, पण कुणी बघणारही नाही." मुलाच्या वडिलांनीही फोनवर सांगितलं की नोंदणी करूच, पण चार माणसांत मंगलाष्टकं झाली पाहिजेत. त्यांचं म्हणणं मला पटलं.

मुलानंच मग सुचवलं. कर्जतला एक निवृत्त गृहस्थ होते, सत्यशोधक पद्धतीनं लग्नं लावायचे. भटजी नाही, मुहूर्त नाही, वधूवर स्वतः शपथ घेतात, मंगलाष्टकं मराठीत. मी त्यांना भेटले. पांढरा सदरा, मोठा आवाज, भिंतभर पुस्तकं. आईचं सांगायला सुरुवात केली तोच त्यांनी टेबलावर हात आपटला.

"आईच हात देणार! दुसरं कोण देणार?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहा झाला. त्यांनी आईबद्दल बारीकसारीक विचारलं. ऊसतोड किती वर्षं केली, मालक कधी वारले, गावात कसं वागवतात. मला वाटलं, किती आस्थेनं विचारतायत. मी सगळं सांगितलं.

लग्न आमच्या घरापुढं होतं. चुलते येणार नाहीत असं वाटलं होतं, पण ते आले. पहिल्या रांगेत, मांडीवर फेटा ठेवून बसले. आदल्या दिवशी हळदीला चुलतीनं आईला बाजूला सारायचा प्रयत्न केला होता. बहिणीनं सगळ्यांदेखत आईचा हात हळदीच्या ताटात ओढला आणि आपल्या गालाला लावून घेतला. आई म्हणत होती, "आगं, आगं, लोकं बघत्यात." पण हात तिनं मागं घेतला नाही. माझ्या मते लग्न तिथंच लागलं होतं.

दुपार चढत होती. मांडवाचं कापड एका बाजूनं सुटलं होतं आणि ऊन नेमकं वधूवरांवर आलं होतं. गृहस्थांनी माईक हातात घेतला. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. ते थांबेचनात. रूढी, परंपरा, गुलामगिरी. शब्दन् शब्द खरा होता आणि मला प्रत्येक शब्दाबरोबर कसंसं होत होतं. मग ते आईकडं वळले, तिचा हात धरून तिला पुढं ओढलं.

"बघा या माउलीकडं! हे पांढरं कपाळ बघा! नवरा गेला आणि या समाजानं हिला जिवंत जाळलं! उसाच्या फडात हिनं काय भोगलं, ते मी सांगतो तुम्हाला..."

आणि मी चहा पिताना सांगितलेलं सगळं ते सांगू लागले. आईनं पदर कपाळावरून खाली ओढला. चुलते गालातल्या गालात हसत होते. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. गृहस्थांनी खिशातून कुंकवाचा करंडा काढला आणि आईपुढं धरला.

"माई, आज सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं कुंकू लावा! इथूनच क्रांती सुरू होऊ द्या!"

माझी आई, जिनं एकटीनं आम्हाला वाढवलं, ती त्या माणसाच्या हातातला एक दाखला झाली होती.

आईनं पदर मागं सारला. करंड्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"मला कुकू न्हाई लावायचं," ती म्हणाली. "मला लेकीचं लगीन लावायचंय."

"माई, घाबरू नका. आम्ही आहोत."

"घाबरायला काय झालं? तुमी मंगलाष्टकं म्हना. पोरगी कवाधरनं उन्हात उभी हाय."

मागच्या बायका आधी हसल्या, मग सगळा मांडव हसला. गृहस्थांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी करंडा खिशात घातला आणि मंगलाष्टकं म्हटली. म्हटलीही छान, आवाज त्यांचा गोड होता. आईनं बहिणीचा हात मुलाच्या हातात दिला. नुसता दिला, काही न बोलता, आणि बराच वेळ दोघांच्या हातांवर आपला हात तसाच ठेवला. मुलाची आई पुढं आली आणि तिनंही वर हात ठेवला. अक्षता पडल्या तेव्हा मी रडत होते, पण रागानं.

चुलते न जेवता गेले. जाताना चार लोकांत म्हणाले, "बघितलं का, तिलाच पटत न्हाई. कुकू लावा म्हनलं तर लावलं का तिनं?" आईच्या तोंडचं वाक्य त्यांनी उचलून आपल्या बाजूला लावलं. आणि दोन दिवसांनी त्या गृहस्थांनी फेसबुकवर फोटो टाकला. करंडा धरलेला त्यांचा हात, खाली मान घातलेली आई. वधूवर फोटोत नव्हतेच. खाली लिहिलं होतं की एका विधवा मातेच्या आयुष्यात आज पहाट झाली.

मी फोन केला. "तिनं कुंकू लावलंच नाही. तुम्ही हे काय लिहिलंय?"

"ताई, चळवळीला असे फोटो लागतात."

"माझी आई तुमच्या चळवळीची नाही. तिचा फोटो काढून टाका."

"तुमच्या भल्यासाठीच आलो होतो मी. हे असं असतं बघा, म्हणून समाज सुधारत नाही."

मग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोटो संध्याकाळपर्यंत निघाला. त्यानंतर त्या माणसानं माझ्याशी बोलणं टाकलं. मी अजूनही त्यांच्या विचारांना चूक म्हणू शकत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबतं. गुरुजीला माहीत होतं पण धीर नव्हता. साहेबाला कसलंच देणंघेणं नव्हतं. आणि ज्याच्यात धीर होता, त्याला माझी आई दिसलीच नाही.

यंदा चुलत्यांच्या मुलीचं लग्न झालं. लावायला गुरुजीच होते. मी गेले नाही. आई गेली. का गेलीस म्हणून मी फोनवर ओरडले, तर म्हणाली, "त्या पोरीनं माजं काय वाईट केलंय?"

सुट्टीत घरी गेले तेव्हा ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. निवडता निवडता तिनं सांगितलं. नेहमीसारखी ती मागं बायकांत बसली होती. लग्न लागलं आणि फोटो काढायची वेळ आली, तेव्हा नवरी शालू सावरत गर्दीतून मागं आली, आईचा हात धरला आणि तिला पुढं स्टेजवर घेऊन गेली. चुलते शेजारीच उभे होते. त्यांनी अडवलं नाही.

"मग तू?" मी विचारलं. "तू काही बोललीस की नाही त्यांना?"

"बोलले ना." तिनं सूप झटकलं. "म्हनलं भावजी, भाजीत मीठ कमी पडलंय, वाडप्याला सांगा."

आई स्वतःच खूप हसली. मला हसू आलं नाही.