शिट्टीआजोबा आणि फाटकाबाहेरचे आईबाप

आमच्या ह्यांना मैदानावरची पोरं 'शिट्टीआजोबा' म्हणतात. जन्म गेला कारखान्यात लेथ चालवण्यात, आणि निवृत्तीनंतर ह्यांना काय सुचावं, तर बंदुकांच्या खेळाचं पंचपद! एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. मैदान कसलं, जुनं गोदाम; त्यात लाकडी आडोसे उभे केलेत, त्यामागे लपून पोरं एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे झाडतात. मी दारात बसून तोंडावरचे मास्क वाटते आणि परत आले की पुसते. म्हातारपणी हे नसते उद्योग!

या खेळाची एक गंमत आहे. छर्रा लागला तरी डाग पडत नाही. ज्याला लागला त्यानेच हात वर करायचा, 'लागली' म्हणायचं आणि बाहेर यायचं. पंचाला बरेचदा दिसतही नाही. हे त्या वर झालेल्या हातावर निहायत खूश. "अगं, कारखान्यात बिघडलेला माल कोणी कधी 'माझा' म्हणालं नाही. इथे एवढंसं पोर म्हणतं!"

नियम असा, की अठराच्या आतल्या मुलाबरोबर आई नाहीतर बाप खेळाच्या कडेच्या जाळीपाशी बाकावर बसलाच पाहिजे. नियम चांगलाच होता. पण आईबापांना गप्प बसवतंय कोण? एक बाप तर जाळीला लटकून ओरडायचा, "नाही लागली, खेळ तू!" आणि तो दुसरा कोणी नाही, आमचाच दिवटा! आमची नात चिमणी आत खेळत असायची ना. ती हात वर करण्याआधी बापाकडे बघायची, आणि तिचं बघून बाकीची पोरंही हात वर करण्याआधी बाकाकडे बघायला लागली. ह्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी एका रविवारी ह्यांनी सगळ्या आईबापांना फाटकाबाहेर घालवलं. "चहा प्या, गप्पा मारा, पोरांना मी बघतो." आमच्या लेकालाही.

खरं सांगते, पोरं सुतासारखी सरळ झाली. लागली की हात वर. हे घरी येऊन जेवताना तेच तेच सांगायचे. मलाही वाटलं, बरं केलंत. मग दर रविवारी तसंच चाललं.

परवाच्या रविवारी चिमणीच्या मास्कवर वाफ धरली. आडोशामागे बसून पुसायला म्हणून तिने तो कपाळावर सरकवला. हे पलीकडच्या टोकाला. तेवढ्यात कुठूनसा छर्रा आला आणि तिच्या डोळ्याखाली बसला. किंकाळी मी दारात ऐकली. हातातलं सगळं टाकून धावले.

एका किडकिडीत मुलाने बंदूक खाली ठेवली आणि कोणी विचारायच्या आत हात वर केला. "माझी गोळी लागली तिला." फाटकातून पळत आलेली त्याची आई त्याचा दंड धरून म्हणते, "गप्प बस! तू नव्हतासच तिथे!" पोर रडायला लागलं, पण हात काही खाली घेईना. त्याला एक ठेवून द्यावी असंही मला वाटलं आणि पोटाशी धरावं असंही. आता सांगा, माणसाने करायचं काय?

डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, जरासं वर लागलं असतं तर...

संध्याकाळी आम्ही सगळे घरी जमलो. लेक म्हणाला, "बाबा, मी बाकावर असतो तर तिला मास्क काढू दिला असता का?"

सूनच त्याला म्हणाली, "नसता दिलास. पण लागली म्हणूही दिलं नसतंस."

दोघांचंही खरं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आमची गत. मी कोणाची बाजू घेणार, कपाळ?

चिमणी डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर बसलेली. म्हणाली, "मी परत खेळू का?"

"आजोबा सांगतील ते," लेक म्हणाला. जन्मात कधी बापाचं ऐकलं नाही, आणि आज सगळं बापावर! हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगू? मी दाराकडे बघितलं.

"बाळा, मला नाही गं कळत," हे म्हणाले. शिट्टी फुंकून क्षणात निकाल देणारा माणूस!

चिमणीने उघड्या डोळ्याने आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"मग मी कोणाला विचारू?" ती म्हणाली.