चोरीची जास्वंद

आमच्या शेजारची मथुराकाकी सराईत चोर आहे. वाडीतल्या एकाही दारातलं झाड तिनं सोडलेलं नाही. ब्लेडनं तिरका काप, फांदी पदराआड, आणि घरी खिडकीत पाण्याच्या बाटलीत. मुळं फुटली की कुंडीत. "मागून हाडलली फांदी जगाची नाय," हा तिचा वेद; चोरलेलीच तेवढी जगते म्हणे. मी कितीदा भांडले, पण तिच्यावर राग टिकत नाही, हेच माझं दुर्दैव.

तिची सगळ्यात लाडकी चोरी म्हणजे फिकट गुलाबी जास्वंद. लग्नानंतर पिंगुळीच्या माहेरून आईची नजर चुकवून आणलेली. आई तेव्हा मुद्दाम पाठ करून भांडी घासत बसली होती, हे काकी हसत सांगायची. ते घर आता विकलं गेलंय. माहेरचं म्हणून उरलं ते हे झाड.

मासे धुतलेलं पाणी आम्ही सगळ्याच झाडांना घालतो. यंदा मात्र काकी खारे बांगडे भिजवल्याचं पाणीही पडवीतल्या या जास्वंदीच्या कुंडीत ओतत राहिली. मिठानं झाड जळलं. काकीचं जेवणावरून मन उडालं.

त्याच जास्वंदीची फांदी माझ्या सासूनं, राधाबाईनं, रीतीप्रमाणे चोरून आमच्या परसात लावली होती. मी त्यातली कापून काकीकडे नेली. तिनं माझा हात मागे सारला.

"हातान दिलली जगाची नाय गो शर्मिला. हीपण मेली तर आवशीचा काय रवाचा नाय."

आवशीचं, म्हणजे आईचं, काहीच उरणार नाही ही तिची भीती. आणि चोरायला यावं तर गुडघ्यांमुळे तिला आमच्या परसाचा दगडी गडगा ओलांडता येत नव्हता. घ्या आता! हट्टी म्हातारीपुढे शहाणपण काय कामाचं?

मी गडग्याचे वरचे दगड उतरवून ठेवले. मग तिच्या दारात जाऊन मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "काकी, आमी उद्या वेंगुर्ल्याक जातंव. घराक कोण नाय."

परतलो तेव्हा जास्वंदीवर तिरका काप होता. माझ्या नव्या क्रोटनवरही होता, मेलीनं तेही सोडलं नाही.

काही आठवड्यांनी तिच्या खिडकीतल्या बाटलीत पांढरी मुळं दिसली.

"खंयसून हाडलंस गो?" मी विचारलं.

"चोरलंय." काकी बाटलीकडेच बघत होती. "गडग्यापलीकडच्या बायलमाणसान पाठ केल्यान, आमच्या आवशीन केलेल्यान तशी."

गडग्याचे दगड मी अजून परत लावलेले नाहीत.