गोऱ्या लोकांचा रोग

आमची आई दाई होती. जमीनदारांच्या घरची बाळंतपणं तीच करायची. एरवी तिला ओसरीच्या खाली उभं करणाऱ्या घरांत त्या दिवसांत मात्र तिच्याच हाताला मान. तिथं तिनं एक पाहून ठेवलं होतं: मोठ्या घरची बाळंतीण बाजेवरून खाली पाय ठेवत नाही. आमच्या बायका आठवडा होत नाही तोच रानात. म्हणून माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला पाथरीकडच्या आमच्या गावी आली, तेव्हा आईनं हट्टच धरला. "माजी लेक बी बाजंवरच ऱ्हाईल. खाली उतरायचंच न्हाई." बहीण हसत पडून राहिली. शेजारणी जळायच्या आणि आईला ते आवडायचं.

मग बहिणीचा डावा पाय सुजला. मांडीपासून घोट्यापर्यंत, पांढरट, तकतकीत. बापानं तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं. मी सोबत होते. नामांतराच्या दंगलीला फार दिवस झाले नव्हते. आम्ही कुठल्या वस्तीतले, हे त्यानं गावाचं आणि बापाचं नाव विचारून ताडलं. पाय खुर्चीवरूनच पाहिला. हात लावला नाही. कंपाउंडरकडं बघून हसत म्हणाला, "विलायतेतली मडम असती तर म्हटलं असतं, शिरेत रक्ताची गाठ झाली. तो गोऱ्या लोकांचा रोग, लोळत पडणाऱ्यांचा. ह्यांच्या बायका बाळंत झाल्या की लगेच खुरपायला जातात. ह्यांना कशाची गाठ? बाईच्या जातीचं अंग सुजायचंच. तेल लावून चोळा."

ती किती दिवस पडून आहे, हे त्यानं विचारलं नाही. बाप हात जोडून उभा होता. ते जोडलेले हात आठवले की अजून माझं डोकं फिरतं.

घरी आईनं गरम तेल घेऊन पाय चोळायला सुरुवात केली. चांगला जोर लावून, खालून वर. तिच्यासारखं चोळणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. बहीण म्हणाली, "आई, लय दम लागायलाय." पुढं ती बोललीच नाही. तान्हं पोर शेजारी रडत होतं.

आईनं त्या दिवसापासून दाईचं काम सोडलं. "म्याच मारलं माज्या लेकीला," एवढंच म्हणायची. आम्ही कितीही समजावलं तरी तेच. मी नर्सिंगला गेले ती सेवाबिवा करायला नाही. त्या डॉक्टरला कधीतरी खोटं पाडायचं, हे डोक्यात घेऊन गेले.

देवानं नाही, त्याच्याच खुब्याच्या हाडानं तो माझ्या हाती दिला. परभणीच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला होते, तिथंच तो म्हातारा पडून मोडलेल्या खुब्यानं आला. काही दिवस खाटेवर काढले आणि त्याचाही पाय सुजला. बायको बिचारी तेलाची वाटी घेऊन बसली, तसा तो किंचाळला, "चोळू नको! गाठ सुटून फुप्फुसात जाईल!"

मी दारातच थांबले. म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब," मी म्हणाले, "गोऱ्या लोकांचा रोग तुम्हाला कसा झाला?"

त्याला आठवेना. मी आठवण करून दिली: गाव, बाळंतीण, हात जोडलेला बाप, आणि घरी गेल्यावर काय झालं तेही. बायकोदेखत त्याचं तोंड उतरलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी आईला त्याच्या खाटेपाशी आणून उभं केलं. माझ्या हातात रक्त पातळ करायचं त्याचं इंजेक्शन होतं. "सांगा हिला," मी म्हणाले. तो सुईकडं बघत राहिला. मी धमकी दिली नव्हती, पण त्याची भीती घालवायलाही गेले नाही.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "चूक माझी होती. मी नीट तपासायला पाहिजे होतं. तुमचा काही दोष नाही."

आई रडेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर सावरला.

"तुमी हात लावला असता साहेब," ती म्हणाली, "तर मला लावावा लागला नसता." आणि ती जिना उतरून गेली.

म्हातारा बरा होऊन घरी गेला. त्याच्या औषधाची एकही वेळ मी चुकू दिली नाही. आईचं ते वाक्य ऐकल्यावर तो लवकर मरावा, हे मला परवडणारं नव्हतं.