निळ्या रबरी चपला

महबूला भागातल्या चपलांच्या दुकानात नव्या रबराचा वास आला की कुवेतमधल्या माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली फिलोमिनामावशी आठवते. वसईची कॅथलिक नर्स. तिच्या एका फोनवर वकिलातीतले साहेब हलायचे. छळ सोसणाऱ्या कितीतरी मोलकरणींना तिने सोडवलं होतं.

एकदा माझ्या हत्यारांच्या पिशवीत तिने निळ्या चपला कोंबल्या. "अर्दियाला एसी दुरुस्तीला जातोयस ना, त्या घरातल्या कामवाल्या पोरीला दे. खूण ठरलीय आमची. म्हणजे तिला कळेल, शुक्रवारी कोपऱ्यावर माझी गाडी आहे."

ती पोरगी अनवाणीच पाणी घेऊन आली. मागे मालकीण उभी होती. मी पिशवी उघडलीच नाही. मावशीला मात्र दिल्या म्हणून सांगितलं.

शुक्रवारी मावशी भर उन्हात दुपारपर्यंत थांबली.

"हिंमत झाली नसेल तिची," एवढंच म्हणाली.

मी मान हलवली, आणि मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.