नायलॉनचा शर्ट आणि अणशीची चौकी

"शर्टात दोष नाही, एवढं लिहा आणि खाली सही करा," मॅनेजर साहेब म्हणाले, आणि कागद माझ्या शिलाई मशीनवर ठेवला.

सही केली असती तर जंगलातल्या एका राखणदाराची, वेळीपची, नोकरी गेली असती. नाही केली, तर कंपनीच्या युनिफॉर्मचं काम माझ्या हातून जाणार होतं. मी पेन शोधतोय असं दाखवून वेळ काढला.

गोष्ट साठ सालानंतरची. माझं टेलरिंगचं दुकान तेव्हा सुप्यात होतं. त्या जागेवर आता धरणाचं पाणी आहे. लाकडाच्या एका कंपनीचे राखणदार अणशीच्या बाजूला जंगलात फिरायचे, त्यांचे खाकी शर्ट मी शिवत असे. सुती कापड, काखेत सैल, पाठीवर एक चुणी. कोऱ्या कापडाला खळ असते आणि खळीचं कापड पाणी पीत नाही, म्हणून मी कापड आधी तीनदा धुऊन घ्यायचो. कुणाची तक्रार नव्हती. मग हे नवे मॅनेजर मुंबईहून नायलॉनचा तागा घेऊन आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी त्या कापडावर तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी घरंगळून माझ्या पायावर पडलं.

"बघा मास्तर! आत एक थेंब गेला नाही. जंगलात हेच पाहिजे."

"साहेब, पाऊस बाहेरून येतो, पण घाम आतून येतो."

"तुम्ही शिवा. विचार करायला मी आहे."

हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर बरं झालं असतं. नमुना म्हणून एक शर्ट माझ्याकडून शिवून घेतला आणि दिला वेळीपला. वेळीप अणशीचा, नोकरीत अजून कच्चा, पुढच्या महिन्यात पक्का व्हायचा होता. त्याला नको म्हणता येणार नव्हतं, म्हणूनच त्याला निवडलं होतं.

आठ दिवसांनी साहेब जीपनं राखणदारांच्या चौकीवर गेले. वेळीप उघडाबंब ओढ्याकाठी उभा, शर्ट फांदीवर. साहेबांनी जागेवर विचारलं तर तो म्हणाला, "शर्ट चावतंय साहेब." झालं! ड्युटीवर विनागणवेश, वर उद्धट उत्तर, नोकरीवरून काढण्याची नोटीस. शर्ट चावत नाही हे शिंप्याकडून लिहून घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

साहेब तो कागद घेऊन येण्याच्या आदल्या दिवशी वेळीप माझ्याकडं येऊन गेला होता. सदरा वर करून त्यानं पाठ दाखवली. घामोळं फुटून काखेपासून कमरेपर्यंत लाल झाली होती.

"मास्तर, तुमी काय बी लिवा. पन घाम जायाचा कुटं, येवढं साहेबास्नी इचारा. आनि त्या शर्टाचा वास! बायकू म्हनती भायेर ठेवा त्येला."

ती पाठ डोळ्यांसमोर होती, म्हणून सहीला हात उठेना. मी साहेबांना बसवलं. वाटीत पाणी घेऊन त्यात लाल शाई टाकली. एक पट्टी नायलॉनची कापली, एक बायकोच्या जुन्या लुगड्याची. दोन्ही मशीनच्या दांडीला टांगून खालची टोकं पाण्यात सोडली. चहा पिऊन होईपर्यंत लुगड्याच्या पट्टीत लाल रंग चार बोटं वर चढला. नायलॉनमध्ये तो होता तिथंच राहिला.

"ही काय कंदिलाची वात आहे?" साहेब हसले.

"तेच म्हणतोय साहेब. वात तेल वर ओढते, तसं कापडानं अंगावरचा घाम ओढून बाहेरच्या अंगाला आणायचा. तिथं तो वाऱ्यावर सुकतो. माणूस गार राहतो, कपडाही लवकर आंबत नाही. तुमचं कापड घाम ओढतच नाही. तो आतच कोंडतो."

"मास्तर, मी स्वतः धारवाडला नायलॉन वापरलाय. काही होत नाही."

धारवाडला साहेब पंख्याखाली बसत. मला खरंच राग आला. त्या रागातच मी बोलून गेलो, "मग उद्या तुमचा तो धारवाडचा शर्ट घालून चौकीपर्यंत पायी चला. तुम्हाला काही झालं नाही, तर वर पोचल्यावर सही करतो."

साहेबांना नाही म्हणता आलं नाही. ऐकायला दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

मे महिना होता. झाडाचं पान हलत नव्हतं. साहेबांनी कडक कॉलरचा नायलॉनचा शर्ट घातला होता, मी माझा विटका सुती सदरा. पहिल्या मैलाला ते मला कापडाचं शास्त्र सांगत होते. दुसऱ्या मैलाला गप्प झाले. चढ लागल्यावर शर्ट पाठीला चिकटला आणि ते खांदे उडवायला लागले. मग एक बटण उघडलं, मग तीन. माझाही सदरा भिजला होता, पण वर वाऱ्याची एक झुळूक आली तशी माझी पाठ गार झाली. साहेबांना ती झुळूक कळलीसुद्धा नाही. चौकी दिसायला लागली तेव्हा त्यांनी शर्ट अंगातून ओढून काढला आणि दगडावर बसून पाठ खाजवायला लागले.

चौकीतून वेळीप बाहेर आला. जुना खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, हातात काठी. त्यानं उघड्याबंब साहेबांना कडक सलाम ठोकला.

वेळीपनं शर्ट उचलला. "फांदीला टांगू काय साहेब? थितं जरा वारं हाय."

नोटिशीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. वेळीप पुढच्या महिन्यात पक्का झाला. मला मात्र पत्र आलं: शिलाईत दोष आढळल्यानं नमुना नामंजूर, यापुढं युनिफॉर्मचं काम बेळगावच्या टेलरकडं. चूक कुणाची तरी असायलाच हवी होती आणि साहेबांची ती असणं शक्य नव्हतं. बेळगावचे शर्ट आले ते सुती खाकीचे, काखेत सैल, पाठीवर चुणी.

त्या पावसाळ्यात मी वेळीपच्या घरी गेलो होतो. चुलीजवळ मिठाची बरणी होती, तिच्या तोंडाला त्या नमुन्याच्या शर्टाचा नायलॉनचा तुकडा घट्ट बांधलेला. आमच्याकडं आषाढात मिठाला पाणी सुटतं. ह्या बरणीतलं मीठ कोरडं होतं.

"साहेब खरं बोलल्यात मास्तर," वेळीप म्हणाला. "आत पानी जाईत न्हाई."

बरोबर होतं. मिठाला अणशीचा चढ चढायचा नव्हता.