हसलास म्हणजे समजलं

आई-वडिलांनंतर मी कोणाचा सगळ्यात जास्त ऋणी असेन, तर आमच्या कार्टून सरांचा. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो, कारण या माणसाने माझ्या तोंडात इंग्रजी शब्द घातले. आज त्याच माणसाकडे स्वतःचा एकच शब्द उरला आहे. ‘सांग.’ पाणी हवं असलं तरी ‘सांग’, कूस बदलायची असली तरी ‘सांग’. भेटायला आलेला माणूस निघाला की दाराकडे बघून तोच शब्द, जरा हळू.

सरांचं घर नाशिकला, इंदिरानगरात. नोकरी मात्र सुरगाण्याकडच्या आमच्या आश्रमशाळेत. शनिवारी ते एसटीने घरी जायचे आणि सोमवारी येताना मोबाईलमध्ये गमतीचे इंग्रजी कार्टून व्हिडिओ भरून आणायचे. आमच्याकडे रेंज हवी तर टेकडीवरच्या सादड्याच्या झाडाखाली जाऊन उभं राहावं लागे, मग व्हिडिओ कुठला दिसायला! खडूच्या खोक्याला मोबाईल टेकवला की सगळा वर्ग पुढच्या फरशीवर गोळा व्हायचा. व्हिडिओत एक जाडा पाणघोडा होता आणि एक खोडकर शेळी. पाणघोड्याचं कुठल्याच वस्तूशी पटायचं नाही. शिडीवर चढला की पडणार, दार उघडलं की मूठ हातात येणार, साबणावर पाय देऊन घसरला की बादली डोक्यावर पडणार. ती वस्तू आली की तिचं नाव मोठ्या अक्षरांत पडद्यावर यायचं. लॅडर, सोप, बकेट.

सर पहिल्यांदा आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ लावत. नेमका पाणघोडा हवेत असताना थांबवत आणि कोणाकडे तरी बोट करत, “सांग.”

“सर, तो म्हणतोय, मेलो मेलो!”

“मरू दे. कशावरून पडून मेला ते सांग.”

“लॅडर!”

मग आवाज सुरू व्हायचा, पाणघोडा दाणकन आपटायचा आणि वर्ग लोळायचा. शब्दाचा मराठी अर्थ त्यांनी फळ्यावर कधी लिहिला नाही. ते म्हणत, “हसलास म्हणजे समजलं. पुढे चल.” सुरुवातीला मला काही कळत नसे. मी बाकीचे हसले की हसायचो. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हे हसू शेजाऱ्याचं आहे. तुझं येईपर्यंत परत बघू.” त्यांनी तो तुकडा माझ्या एकट्यासाठी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा मला खरंच हसू आलं.

या पद्धतीने शिकल्याचा एक परिणाम असा झाला, की आम्हाला कोणतीही वस्तू भरवशाची वाटेनाशी झाली. व्हिडिओत टोस्टरमधून पाव उडून पाणघोड्याच्या नाकावर बसायचा. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा सरांच्या घरी गेलो, तेव्हा ओट्यावरचा टोस्टर बघून मी दोन पावलं मागे सरकलो. सरांच्या पत्नीला, काकूंना, काही कळेना. सर मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “अगं, हा माझा विद्यार्थी आहे,” ते काकूंना म्हणाले, “याला टोस्टर चांगला माहीत आहे.”

मी कॉलेजपर्यंत पोहोचलो त्यामागे एक मेमरी कार्ड आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची घरं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. आठवीच्या वर्षी वडील मला न्यायला शाळेत आले. सरांनी खूप समजावलं. वडील ऐकून घेऊन म्हणाले, “सर, राग नका मानू. पोरगा घरी येऊन सांगतो काय, तर पाणघोडा पडला. यासाठी शाळा हाय का?”

सर रागावले नाहीत. “पाणघोडा कशावरून पडला, ते याला दोन भाषांत सांगता येतं, दादा,” एवढंच म्हणाले. मग मोबाईलमधून कार्ड काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. “हे माझं आहे. मला परत हवं. पण मी वर्गातच घेणार, बाहेर घेणार नाही.”

दिंडोरीकडच्या बागेत पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. मुकादमाच्या मोबाईलमध्ये ते कार्ड घालून दुपारच्या सुट्टीत मी पाणघोडा बघायचो. हळूहळू मजूर बायकाही बघू लागल्या. माझी आई बादली उचलताना ‘बकेट’ म्हणून हसायची. हंगाम संपला, तेव्हा वडीलच म्हणाले, “मास्तरचं कार्ड देऊन ये.” मी द्यायला गेलो आणि वर्गात बसलो, तो उठलोच नाही. पुढे पदवी घेतली, सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात लागलो. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलतो. बोलताना अजूनही एखाद्या शब्दामागून पाणघोडा घसरत येतो.

सर निवृत्त झाले आणि मागच्या हिवाळ्यात एका सकाळी बाथरूममध्ये पडले. काकूंना आधी बादली गडगडल्याचा आवाज आला. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर तो एक शब्द तेवढा परत आला.

मी रविवारी जाऊ लागलो. काकू थकलेल्या असायच्या. औषधं, पथ्य, दुखणं, सगळं त्या सरांच्या उशाशी बसूनच सांगायच्या. “आता काही कळत नाही रे त्यांना. भिंतीशी बोलावं तसं आहे.” सर छताकडे बघत असायचे. येणारेजाणारेही त्यांच्यासमोरच विचारायचे, “ओळखतात का?” मला ते ऐकवत नसे, पण सरांना कळतं हे दाखवायला माझ्याकडे तरी काय होतं?

म्हणून एका रविवारी मी पाणघोडा घेऊन गेलो. काकूंना म्हटलं, “बघा तुम्ही, सर हसतील. हसले म्हणजे समजलं.” आमचा वर्ग सगळ्यात जास्त ज्याला हसायचा, तोच व्हिडिओ मी घाईने लावला. सर बघत होते. पाणघोडा साबणावर घसरला, बादली डोक्यावर आली. सर हसले नाहीत. त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि “सांग, सांग” म्हणत राहिले.

“बघ,” काकू म्हणाल्या. “उगाच त्रास नको देऊस त्यांना.”

मी मोबाईल खिशात टाकला आणि निघालो. बसमध्ये इंदिरानगर मागे पडल्यावर मी काय लावलं होतं ते माझ्या लक्षात आलं. पुढच्या रविवारी जायचं धाडस झालं नाही. मी पत्र लिहिलं. ते सरांच्या नावाने होतं, पण काकूंनाच वाचून दाखवावं लागणार, हे मला ठाऊक होतं.

ती. सरांना सा. न.

काकू, हे पत्र सरांजवळ बसून मोठ्याने वाचा.

सर, त्या रविवारी मी चुकीचा व्हिडिओ लावला. क्षमा करा. तुम्ही शिकवलंत, हसलास म्हणजे समजलं. त्या दिवशी तुम्ही हसला नाहीत, म्हणून काकूंना वाटलं की तुम्हाला काही कळत नाही. पण सर, ज्याला काही कळत नाही तो बादली बघून मान कशाला फिरवेल? त्या खोलीत तो व्हिडिओ फक्त तुम्हालाच समजला होता. मला बसमध्ये समजला.

काकू, त्यांना सगळं कळतं. त्यांच्यासमोर जपून बोला. आणि त्यांच्याशी बोला.

सर, येत्या रविवारी येतो. शिडी, साबण, बादली यातलं काही आणणार नाही. मी नुसता समोर बसेन. तुम्ही ‘सांग’ म्हणा, मी सांगत राहीन.

तुमचा,
टोस्टरला घाबरणारा विद्यार्थी